लॅपटॉपला एसएसडी बसवायचीय? खरेदीआधी झाकणाखालचा स्लॉट ओळखा

लॅपटॉप संथ झालाय असं वाटलं की आधी टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसर १०-१५ टक्क्यांवर आहे, रॅम निम्मी मोकळी आहे, पण डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवरून हलत नाही, असं दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारं डोकं योग्य जागी सरकायला वेळ जातो तो वेगळाच. विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या म्हटल्या तर सेकंदाला जेमतेम ६०-७० वाचनं होतात. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क. स्वस्तातली एसएसडीसुद्धा हीच वाचनं हजारोंच्या घरात करते. म्हणून रॅम वाढवूनही न हललेला लॅपटॉप एसएसडी बसवली की एकदम मोकळा होतो.

एसएसडी बसवण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. गोंधळ होतो तो त्याच्या आधी, चुकीची एसएसडी विकत घेण्यात, आणि नंतर, विंडोज नव्या डिस्कवर नेताना. त्यामुळे या लेखात स्क्रू फिरवण्यापेक्षा या दोन टप्प्यांवर जास्त भर आहे. उदाहरणासाठी विंडोजचा नेहमीचा लॅपटॉप धरलाय: आत १ टीबीची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारी रिकामा एम.२ स्लॉट. साधारण २०१६ ते २०२१ या काळात विकल्या गेलेल्या कित्येक लॅपटॉपांत हीच रचना आहे.

१. आपल्या लॅपटॉपमध्ये जागा कोणती आहे ते शोधा

जागा तीन प्रकारची असू शकते.

पहिली, अडीच इंची खोबण. यात सध्या हार्ड डिस्क बसलेली असते. ती काढून तिच्याच जागी अडीच इंची साटा (हार्ड डिस्कला असते तीच जोडणी) एसएसडी बसते. कनेक्टर तोच, स्क्रूची भोकंही तीच. फक्त जाडी बघा. हल्लीच्या बहुतेक अडीच इंची एसएसडी ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी आत सैल बसते आणि कनेक्टरवर ताण येतो. एसएसडीच्या खोक्यात अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट मिळत असेल तर ती लावा.

दुसरी, एम.२ स्लॉट. च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी मदरबोर्डवरच्या या बारक्या फटीत आडवी बसते. पट्टीच्या नावातच तिचं माप असतं. २२८० म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर, २२४२ म्हणजे लांबी ४२, तर २२३० म्हणजे ३०. स्क्रूची जागा ४२ मिलिमीटरवर आहे आणि पुढे बॅटरी सुरू होते, अशा लॅपटॉपात २२८० मावणार नाही. उलट स्लॉट २२८० चा असेल तर छोटी पट्टी जोडपट्टी लावून बसवता येते.

तिसरी, डीव्हीडी ड्राइव्हची जागा. तो ड्राइव्ह काढून तिथे कॅडी, म्हणजे त्याच मापाची चौकट, घालतात आणि कॅडीत डिस्क बसवतात. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाड्यांत मिळते, त्यामुळे आधी आपला ड्राइव्ह मोजून घ्या. या जागेत जुनी हार्ड डिस्क टाका आणि एसएसडी मूळ खोबणीत लावा. डीव्हीडीच्या जोडणीचा वेग काही लॅपटॉपांत कमी असतो आणि तिथून विंडोज सुरू करायला काही बायोस (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी धावणारं मूळ सॉफ्टवेअर) तयार नसतात.

जागाच नसलेले लॅपटॉपही असतात. ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (साठवणीची साधी चिप) असलेल्या स्वस्त लॅपटॉपांत साठवण मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. अॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकमध्येही ती बदलता येत नाही. अशा यंत्रांना बाहेरून यूएसबीवर लावायची एसएसडी हाच उपाय.

जागा कशी कळेल? लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल क्रमांक असतो. ‘पॅव्हिलियन १५’ किंवा ‘आयडियापॅड ३’ हे घराण्याचं नाव झालं, ते पुरेसं नाही. पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या सपोर्ट पानावरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. लेनोव्हो, डेल, एचपी या कंपन्या बहुतेक मॉडेलांची मॅन्युअल मोफत देतात. त्यात कुठला स्क्रू कुठे, स्लॉट किती आणि कोणत्या मापाचे, हे चित्रांसह असतं.

मॅन्युअल वाचलं तरी झाकण उघडून डोळ्यांनी खात्री करा. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत फरक असतो. मोठी बॅटरी असलेल्या आवृत्तीत अडीच इंची खोबण नसतेच. कधी खोबण असते पण डिस्क मदरबोर्डला जोडणारी चपटी केबल आणि पत्र्याची चौकट दिलेली नसते. ती तुमच्याच मॉडेलची वेगळी मागवावी लागते, आणि यायला बरेचदा एसएसडीपेक्षा जास्त दिवस लागतात. कधी एम.२ च्या जागी बोर्डवर नुसती छापील रेघ असते, स्लॉट बसवलेलाच नसतो. झाकण उघडलंच आहे तर फोटो काढून ठेवा, दुकानात दाखवायला उपयोगी पडतो.

२. स्लॉट साटा बोलतो की एनव्हीएमई?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकाराच्या पट्टीत दोन वेगळ्या प्रकारच्या एसएसडी येतात. साटा प्रकाराचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो. एनव्हीएमई हा जास्त वेगवान प्रकार पीसीआयई या मदरबोर्डवरच्या जलद वाटेवरून चालतो. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत ती सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास जाते आणि चौथ्या पिढीत ७००० पर्यंत. स्लॉट फक्त साटाचा असेल तर त्यात एनव्हीएमई चालत नाही, आणि फक्त पीसीआयईचा असेल तर साटा चालत नाही. दोन्ही चालणारे स्लॉटही असतात.

पट्टीच्या सोनेरी टोकाकडे नीट बघा. खाच एकच आहे आणि तिच्या अरुंद बाजूला चार-पाच सोनेरी रेघा आहेत, तर ती ‘एम’ खाच. बहुतेक एनव्हीएमई पट्ट्या अशा असतात. दोन खाचा असतील तर ती ‘बी अधिक एम’, आणि अशी पट्टी बहुधा साटा असते. ‘बहुधा’ म्हणण्याचं कारण असं की काही जुन्या, कमी वेगाच्या एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा आहेत. दोन खाचांची साटा पट्टी ‘एम’ स्लॉटमध्ये अगदी छान बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये काहीच दिसत नाही. पट्टी खराब नसते, स्लॉट तिची भाषाच बोलत नसतो. म्हणून आत बसली एवढ्यावरून ती चालेल असं समजू नका. मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते वाचा: ‘पीसीआयई’, ‘साटा’ की दोन्ही.

नावांवरूनही फसायला होतं. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ब्लू’ मालिकेत एसए ५१० ही एम.२ आकारातली साटा एसएसडी आहे आणि एसएन ५७० ही एनव्हीएमई. आकार तोच, मालिकाही तीच. दुकानदाराला ‘ब्लू एम.२ द्या’ एवढंच सांगितलं तर हातात कुठलीही पडेल.

वायफाय कार्डाचा स्लॉटही एम.२ च असतो, पण त्याची खाच वेगळी आणि माप २२३०. दोन अँटेनाच्या बारीक तारा जोडलेल्या दिसल्या की ते वायफाय. एसएसडीचा रिकामा स्लॉट समजून त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. २०१४ आणि त्याआधीच्या लॅपटॉपांत एम.२ असलाच तर तो बहुतेक साटाचा असतो. तिथे एनव्हीएमई दिसली तरी बायोस तिच्यावरून विंडोज सुरू करील याची खात्री नाही. अशा लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी हीच योग्य निवड. आणि काही मॉडेलांत एम.२ स्लॉट वापरला की अडीच इंची डिस्कचा साटा पोर्ट बंद होतो, कारण दोघांची वाट एकच असते. मॅन्युअलच्या तळटिपेत हे लिहिलेलं असतं.

३. कोणती घ्यावी

पिढीच्या मागे धावू नका. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची पट्टी चालते, पण तिसऱ्याच्या वेगाने. शिवाय ७००० एमबी वेगाच्या पट्ट्या तापतात आणि पातळ लॅपटॉपात उष्णता उतरायचा पत्रा नसेल तर थोड्या वेळाने स्वतःच वेग कमी करतात. ऑफिसचं काम, ब्राउझर, फोटो यांत ३५०० आणि ७००० मधला फरक जाणवत नाही. लॅपटॉपसाठी कमी वीज खाणारी मध्यम पट्टी घ्या.

पट्टी एका बाजूने चिपा असलेली घ्या. दोन्ही बाजूंनी चिपा असलेली पट्टी जाड असते आणि पातळ लॅपटॉपात खाली टेकते किंवा वाकून बसते. १ टीबीपर्यंतच्या बहुतेक पट्ट्या एकेरीच असतात, मोठ्या क्षमतेच्या घेताना विचारा. डेस्कटॉपसाठी उंच पत्रा चिकटवलेल्या पट्ट्या लॅपटॉपात मावत नाहीत.

चिपांचा प्रकार टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट) असलेला बरा. क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट) स्वस्त पडते, पण मोठी फाइल सलग लिहिताना सुरुवातीची जलद जागा भरली की वेग कोसळतो, कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली. नुसते फोटो-चित्रपट साठवायला ती चालेल, विंडोजसाठी टीएलसीच घ्या. एसएसडीत स्वतःची डीरॅम (कुठला डेटा कुठे आहे याची यादी ठेवणारी जलद मेमरी) आहे का, हा प्रश्न साटामध्ये जास्त महत्त्वाचा. डीरॅम नसलेली एनव्हीएमई लॅपटॉपच्या रॅमचा थोडा भाग उसना घेऊन भागवते. साटाला ती सोय नाही.

क्षमता विंडोजसाठी किमान ५०० जीबी. खोक्यावर ५०० असतं आणि विंडोज ४६५ दाखवतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. १ टीबीचे ९३१ दिसतात. एकूण जागेच्या १५-२० टक्के नेहमी रिकामी राहील असा हिशेब धरा. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग उतरतो.

बनावट मालाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. अनोळखी नावाची २ टीबी एसएसडी नामांकित ५०० जीबीपेक्षा स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. आत छोटी चिप बसवून तिला मोठी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचा डेटा जुन्यावरच लिहिला जातो, आणि हे कळतं तेव्हा मुलांचे फोटो गेलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल क्रमांक लिहून घ्या आणि तो पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळवा. चांगल्या एसएसडीला ३ किंवा ५ वर्षांची हमी असते आणि बिलाशिवाय तिचा उपयोग नाही. पट्टीवरचं स्टिकर काढू नका, ते काढलं की हमी जाते.

४. सामान

– फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, पीएच ० आणि पीएच ००. काही लॅपटॉपांना चांदणीच्या आकाराचा टी ५ लागतो.
– झाकणाच्या क्लिपा सोडवायला प्लॅस्टिकची पाती. जुनं एटीएम कार्ड चालतं, पण लोखंडी पातं नको.
– एम.२ चा स्क्रू. बहुतेकदा २ मिलिमीटर जाड आणि ३ मिलिमीटर लांब. पुष्कळ लॅपटॉपांत रिकाम्या स्लॉटवर तो नसतो आणि एसएसडीच्या खोक्यातही नसतो. आधीच आणून ठेवा.
– ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह, विंडोजचा इन्स्टॉलर बनवायला.
– महत्त्वाचा डेटा उतरवायला बाहेरची हार्ड डिस्क.
– लॅपटॉपात एकच जागा असेल तर नवी एसएसडी बाहेरून जोडायला यूएसबी केस. एनव्हीएमईची केस आणि साटाची केस वेगळी असते, खोक्यावर वाचून घ्या.

लॅपटॉप हमीत असेल तर झाकण उघडल्याने हमीवर काय परिणाम होतो ते हमीपत्रात वाचा किंवा कस्टमर केअरला विचारून उत्तर ईमेलवर घ्या. काही कंपन्या डिस्क आणि रॅम बदलायला ग्राहकाला मुभा देतात, काही स्क्रूवर सील लावतात.

५. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

बॅकअप घ्या. डेटा जुन्या डिस्कवर तसाच राहणार असला तरी घ्या. संथ झालेली हार्ड डिस्क कित्येकदा मरणाच्या वाटेवर असते, आणि क्लोन (नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत) करताना तिचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून तब्येत बघा. ‘रीअॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’च्या ओळी पिवळ्या दिसल्या तर क्लोनचा नाद सोडा. महत्त्वाच्या फायली आधी हलवा आणि विंडोज नव्याने टाका.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलुपात ठेवणारी विंडोजची सोय, तपासा. ‘मी कधी लावलंच नाही’ असं म्हणणाऱ्यांच्याही लॅपटॉपात तो चालू असतो, कारण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने तो आपोआप सुरू होतो. मग बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा कायमचा कुलुपात. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. चालू असेल तर ती की अकाउंटच्या पानावरून कागदावर उतरवून घ्या. क्लोन करणार असाल तर एन्क्रिप्शन बंदच करा. हार्ड डिस्कवर कुलूप पूर्ण उघडायला काही तास लागू शकतात, म्हणून हे आदल्या रात्री करा.

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ची ओळ वाचा. तिथे यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर उत्तम. ‘लेगसी’ असेल तर जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची आहे आणि ती जशीच्या तशी एनव्हीएमईवर नेली तर सुरू होणार नाही. अशा वेळी विंडोज नव्याने टाकणं सोपं.

काही लॅपटॉपांत हार्ड डिस्कला वेग देण्यासाठी १६ किंवा ३२ जीबीची इंटेल ऑप्टेन पट्टी बसवलेली असते आणि एम.२ स्लॉट तिनेच अडवलेला असतो. ती सरळ उपटली तर हार्ड डिस्कवरचं विंडोज सुरू होत नाही. आधी इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून ऑप्टेन ‘डिसेबल’ करा, रीस्टार्ट होऊ द्या आणि मगच काढा.

बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर तीही आत्ताच टाका, चार्जर लावून. काही जुन्या बायोसना नव्या एसएसडी ओळखता येत नाहीत.

६. झाकण काढताना

लॅपटॉप ‘शट डाउन’ करा. स्लीप किंवा हायबरनेट नको. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की ‘फास्ट स्टार्टअप’चा अर्धवट झोपलेला प्रकारही टळतो. चार्जर काढा. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करायची सोय आहे, ती वापरा.

टेबलावर कापड अंथरा. नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळा. मधूनमधून नळाला किंवा न रंगवलेल्या लोखंडाला हात लावला की अंगातली स्थिर वीज निघून जाते. कोरड्या थंडीत हे जास्त जपावं लागतं.

स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट पिळला तर तो वर हातपट्टीतून फुगवटा काढतो किंवा मदरबोर्डला भोक पाडतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी स्क्रू राहिलाय. रबरी पायांखाली बघा, डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर त्याच्या खोबणीत बघा. समुद्राकाठच्या दमट हवेत स्क्रू गंजून डोकं गोल होतं. तिथे ड्रायव्हर आणि स्क्रूच्या मध्ये रुंद रबर बँड धरून दाबून फिरवा.

पाती बिजागरीजवळच्या कोपऱ्यातून घाला आणि कडेकडेने सरकवा. क्लिप सुटताना ‘टक’ असा आवाज येतो. झाकण लगेच दूर ओढू नका, काही मॉडेलांत आतून केबल जोडलेली असते.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. तारा धरून ओढू नका. प्लॅस्टिकच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी नखांनी ढकला. मग पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाईल.

७. पट्टी बसवणं

पट्टी कडेने धरा, सोनेरी टोकाला बोट लावू नका. खाच स्लॉटमधल्या दांडीशी जुळवा आणि पट्टी २५-३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. सोनेरी रेघांची फक्त बारीक किनार दिसत राहील इतपत ती आत गेली पाहिजे. सोडल्यावर पट्टी त्याच कोनात वर उभी राहते. तशीच ती राहायला हवी, घाबरू नका. आता दुसरं टोक बोटाने हलकेच खाली दाबून धरा आणि स्क्रू लावा. स्क्रू टेकला की पाव फेरा, बस्स. पट्टी मधून वाकलेली दिसली तर खालचा स्टँड चुकीच्या मापाच्या भोकात आहे किंवा खाली जुना थर्मल पॅड राहिलाय.

अडीच इंची डिस्क बदलत असाल तर जुनी डिस्क कनेक्टरच्या विरुद्ध दिशेला सरळ सरकवून काढा, वर उचलू नका. मदरबोर्डकडची चपटी केबल सोडवावी लागली तर तिच्या कनेक्टरवरचं काळं किंवा पांढरं कुलूप आधी उघडा. कुलूप न उघडता ओढली की ती केबल फाटते.

बॅटरी परत जोडा. झाकण नुसतं ठेवा, क्लिपा आणि स्क्रू अजून नकोत. चार्जर लावून लॅपटॉप चालू करा आणि बायोसमध्ये जा. डेल, एसुस आणि एसरमध्ये बहुतेक एफ २, एचपीमध्ये एफ १०, लेनोव्होत एफ १ किंवा एफ २. स्टोरेजच्या यादीत नव्या एसएसडीचं नाव दिसलं की बंद करून झाकण पक्कं लावा. नाही दिसलं तर पट्टी काढून पुन्हा बसवा. बऱ्याचदा ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहिलेली असते. तरीही नाही दिसली तर भाग २ मधली साटा-एनव्हीएमईची शंका पुन्हा तपासा.

८. विंडोज नव्या डिस्कवर नेणं

दोन वाटा आहेत. क्लोन म्हणजे जुन्याची हुबेहूब प्रत; प्रोग्राम, फॉन्ट, पासवर्ड सगळं तसंच. नव्याने टाकणं म्हणजे कोरी सुरुवात. चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपला नव्याने टाकणं हेच बरं. मात्र टॅलीचा डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, श्रीलिपी किंवा आयएसएमसारखी मराठी सॉफ्टवेअरं वापरत असाल तर त्यांचं लायसन्स नव्या विंडोजवर कसं न्यायचं ते आधी विचारून घ्या. नंतर लावलेले मराठी फॉन्टही वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा. हे सगळं पुन्हा उभं करणं अवघड असेल तर क्लोन करा.

क्लोन करताना: एसएसडी बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःच्या डिस्कसाठी मोफत क्लोन सॉफ्टवेअर देतात, ते वापरा. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती जानेवारी २०२४ पासून बंद आहे. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचं आहे, पण नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी लागते. १ टीबीवरून ५०० जीबीवर यायचं तर आधी जुन्या डिस्कवरचा डेटा कमी करावा लागतो आणि असं लहान करून घेणारं सॉफ्टवेअरच लागतं. ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ निवडताना नाव आणि क्षमता मोठ्याने वाचून खात्री करा. उलट निवडलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं.

क्लोन संपल्यावर लॅपटॉप बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि एकट्या एसएसडीवर सुरू करून बघा. दोन हुबेहूब डिस्क एकत्र असल्या की विंडोज कधी जुन्यावरूनच सुरू होतं आणि वेग वाढला नाही अशी तक्रार सुरू होते. क्लोननंतर सी ड्राइव्ह वाढवता येत नसेल तर त्याच्या शेजारी रिकव्हरीचं छोटं पार्टिशन आडवं आलेलं असतं. पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने ते शेवटी सरकवा.

नव्याने टाकताना: मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह तयार करा. मग इन्स्टॉल सुरू करण्याआधी जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर इन्स्टॉलर सुरुवातीच्या फायली तिच्यावरच्या छोट्या पार्टिशनमध्ये ठेवू शकतो. सहा महिन्यांनी जुनी डिस्क बिघडते किंवा तुम्ही ती काढता, आणि चांगली धडधाकट एसएसडी असूनही लॅपटॉप सुरू होत नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल आणि लॅपटॉप इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर कारण बहुधा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) आहे. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण तो बदल फक्त नवं विंडोज टाकताना करा. आधीचं विंडोज तसंच ठेवून हे बटण बदललं की ते निळा पडदा दाखवून अडतं.

लायसन्स की पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. विंडोज ८ पासून कंपनीने भरून दिलेल्या विंडोजची की बायोसमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट जोडल्यावर ते सक्रिय होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लॅपटॉप इंटेलच्या ८व्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर ११ टाका.

९. बसवल्यानंतर

विंडोज एसएसडीवर असेल आणि हार्ड डिस्क आतच ठेवायची असेल तर तिचा उपयोग साठवणीसाठी करा. ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड्स’ यांच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ बदलून ती हार्ड डिस्कवर न्या. प्रोग्राम मात्र एसएसडीवरच राहू द्या. बसवलेली एसएसडी दुसरी डिस्क म्हणून वापरायची असेल तर ती ‘धिस पीसी’मध्ये आपोआप दिसणार नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, ‘जीपीटी’ निवडून इनिशिअलाइझ करा आणि काळ्या पट्ट्यावर राइट क्लिक करून नवं व्हॉल्यूम बनवा.

‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडून नव्या डिस्कपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना, एवढं बघा. तिथलं साप्ताहिक वेळापत्रक चालूच ठेवा. विंडोज एसएसडीला डीफ्रॅगऐवजी ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं, आणि ते हवंच. बाहेरून वेगळं डीफ्रॅग सॉफ्टवेअर चालवू नका. आधी बंद केलेलं एन्क्रिप्शनही आता पुन्हा चालू करा.

जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. दोन-तीन आठवडे नव्या डिस्कवर काम करा, काही राहिलं नाही याची खात्री होऊ द्या. मग ती यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा, तेव्हाच सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. १ टीबीला साधारण तीन तास लागतात, चार्जर लावून ठेवा.